चाळिशी उलटल्यावर मेट्रोचं प्लॅनिंग शिकायचं असेल तर सुरुवात एसटी स्टँडवरून करा

मेट्रो शिकायची म्हटलं की बहुतेक जण युट्यूबवर बोगदे खोदणाऱ्या मशिनीचे न चकाचक डब्यांचे व्हिडिओ पाहत बसतात आणि तिथंच अडकतात. पाहायला मजा येते, मलाही येते, पण त्याला प्लॅनिंग म्हणत नाही. प्लॅनिंगचा पहिला प्रश्न रेल्वेचा नसतेच, तो असा असते की सकाळी आठ ते दहाच्या मधात किती माणसं कुठून कुठं जाऊन राहिली, कशानं जाऊन राहिली, आणि त्यांना दुसरं काही दिलं तर ते बदलतील का. हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की बाकीचं सगळं त्याच्या मागं येते. आणि हा प्रश्न समजायला नागपूर-मुंबईत राहायची गरज नाही, देवळी, कळंब, आर्वी, दारव्हा कुठंही बसून समजते, उलट गावात जास्त सोपं जाते कारण माणसं मोजता येतील इतकीच असतात.

म्हणून पहिलं काम, एक साधी वही घ्या न तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळी दोन तास बसा. सोमवारी बसा, आणि बाजाराच्या दिवशी पण एकदा बसा, फरक दिसते. वहीत रकाने पाडा: गाडी किती वाजता आली, कुठं चालली, अंदाजे किती माणसं बसली, किती उभी होती, किती खालीच राहिली. काळी-पिवळी आणि ऑटोही मोजा, ते सोडले तर अर्धा हिशोब गेला. लोक विचारतील काय करून राहिले भाऊ, सांगा की मोजून राहिलो, एक-दोघं येऊन शेजारी बसतात आणि फुकट माहिती देतात, ही गाडी कधी वेळेवर येत नाही, त्या गाडीत कॉलेजच्या पोरी जास्त असतात वगैरे. ती माहिती पण लिहून घ्या.

मग दुसऱ्या वेळी लोकांना दोनच गोष्टी विचारा, कुठून आले न कुठं चालले. एका मोठ्या कागदावर आडवी आणि उभी गावांची नावं लिहा आणि चौकोनात आकडे भरा. याला प्लॅनिंगवाले ओडी मॅट्रिक्स म्हणतात, ओरिजिन-डेस्टिनेशन. मोठमोठ्या कन्सल्टन्सी नागपुरासारख्या शहरात घरोघरी सर्व्हे करून हेच करतात, फक्त त्यांचा कागद मोठा असते न त्यात शहराचे शेकडो झोन असतात.

आता थोडी थिअरी, जास्त नाही. प्रवासाचा अंदाज काढायची जुनी पद्धत चार पायऱ्यांची आहे. पहिली, प्रत्येक गावातून किती फेऱ्या निघतील (घरं किती, कमावते किती, शाळा-कॉलेजात किती). दुसरी, त्या फेऱ्या कुठं कुठं वाटल्या जातील. तिसरी, कोण बसनं, कोण स्वतःच्या गाडीनं, कोण पायी. चौथी, कोण्या रस्त्यानं. दुसऱ्या पायरीला जे गणित वापरतात त्याला ग्रॅव्हिटी मॉडेल म्हणतात आणि ते आठवडी बाजारासारखंच आहे, बाजार जितका मोठा तितकी लांबून माणसं येतात, आणि अंतर वाढलं की माणसं कमी होतात. एवढं समजलं की पुस्तकातले सूत्र पाहून घाबरायचं काम नाही, सूत्र हेच म्हणते फक्त ग्रीक अक्षरात म्हणते.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड. माणूस कशानं जाईल हे नुसतं तिकिटावर ठरत नाही, पण तिकिटावर ठरतच नाही असंही नाही. आपल्या डोळ्यासमोर याचा एक मोठा प्रयोग झाला, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना फुकट झालं. तुमच्या स्टँडवर त्यानंतर काय बदललं ते कंडक्टरला विचारा, चहा पाजून विचारा, काळी-पिवळीवाल्यालाही विचारा. भाड्याचा आणि प्रवाशाचा काय संबंध असते (इंग्रजीत त्याला इलॅस्टिसिटी म्हणतात) ते कोण्याही क्लासपेक्षा इथं बरं समजते.

आता मेट्रोवर येऊ. एक शब्द पाठ करा, पीएचपीडीटी. गर्दीच्या एका तासात, ज्या दिशेला जास्त गर्दी आहे त्या दिशेला, लाइनच्या सगळ्यात भरलेल्या तुकड्यावरून किती माणसं जातात तो आकडा. मेट्रो पाहिजे का नुसत्या बस पुरतील, डबे तीन का सहा, प्लॅटफॉर्म किती लांब, सगळं या एका आकड्यावर फिरते. दिवसभराचे प्रवासी किती हे पेपरात छापून येते पण लाइनचा आकार दिवसावर ठरत नाही, त्या एका वाईट तासावर ठरते.

हिशोब सोपा आहे. तीन डब्यांच्या मेट्रोत दाटीनं भरली तर साधारण ९०० माणसं धरा (आपल्याकडं उभ्या माणसांचा हिशोब एका चौरस मीटरात ६ असा धरतात, मुंबई लोकलमध्ये त्याच्या दुपटीच्या वर जाते ती गोष्ट वेगळी). दर दहा मिनिटांनी एक गाडी म्हणजे तासाला ६ गाड्या, म्हणजे ५,४०० माणसं. दर तीन मिनिटांनी सोडली तर २० गाड्या न १८,००० माणसं. आता आपली वही काढा. समजा दोन तासात वर्ध्याकडं १५ गाड्या गेल्या आणि गाडीत सरासरी ५० माणसं होती, म्हणजे ७५०, तासाला ३७५. कुठं ३७५ न कुठं ५,४००. तालुक्याला मेट्रो काहून नाही हे मग कोण्या पुढाऱ्याला विचारायची गरज राहत नाही, आणि तालुक्याला दहा बस जास्तीच्या काहून पाहिजेत हे मात्र आकड्यानिशी विचारता येते.

दुसरा हिशोब वेगाचा, हा मला सगळ्यात आवडते. मेट्रो ताशी ८० नं धावते असं लिहिलेलं असते तरी पोहोचायला इतका वेळ काहून लागते? स्टेशनं एक-एक किलोमीटरवर आहेत असं धरा. गाडीनं दर सेकंदाला सेकंदी १ मीटर असा वेग वाढवला तर ८० ला, म्हणजे सेकंदी २२ मीटरला, पोहोचायला २२ सेकंद लागतात आणि त्यात अंदाजे २४५ मीटर संपतात. थांबायला पण तितकेच. मधात उरले ५०० मीटर, ते २३ सेकंदात. झाले ६७ सेकंद, त्यात दरवाजे उघडून थांबायचे ३० धरा, ९७ सेकंदात एक किलोमीटर. म्हणजे सरासरी ताशी ३७. तेच स्टेशनं दोन किलोमीटरवर ठेवली तर सरासरी पन्नासच्या जवळ जाते. पण मग अर्ध्या लोकांना स्टेशनपर्यंत जास्त चालावं लागते. प्लॅनिंगमध्ये भांडण असते ते इथं, जास्त स्टेशनं दिली तर गाडी हळू होते, कमी दिली तर माणूस स्टेशनपर्यंत येतच नाही. आपल्या नगरसेवकाला आपल्याच चौकात स्टेशन काहून पाहिजे असते आणि इंजिनिअर काहून नाही म्हणते ते या ९७ सेकंदातून समजते.

तिसरा हिशोब, किती गाड्या विकत घ्यायच्या. २० किमीची लाइन, ताशी ३७ नं एका बाजूला ३३ मिनिटं, जाऊन-येऊन ६६, दोन्ही टोकाला वळायला ५-५ मिनिटं धरली तर ७६. दर दहा मिनिटांनी गाडी पाहिजे तर ७६ भागिले १०, म्हणजे ८ गाड्या, वरून बिघाड-दुरुस्तीसाठी एक-दोन. दर पाच मिनिटांनी पाहिजे तर १६. एसटी डेपोत ड्युट्या लावणारे साहेब हेच गणित रोज तोंडी करतात, ओळख असेल तर त्यांच्याजवळ तासभर बसा, शिकायला मिळते.

एवढं झालं की डीपीआर वाचायला घ्या. डीपीआर म्हणजे डिटेल्ड प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि आपल्या नशिबानं नागपूरचे दोन आहेत, पहिल्या टप्प्याचा दिल्ली मेट्रोवाल्यांनी म्हणजे डीएमआरसीनं बनवला आणि दुसऱ्या टप्प्याचा राइट्स या सरकारी सल्लागार कंपनीनं. शंभर-शंभर पानांचे भाग असतात, पहिल्या पानापासून वाचाल तर शहराचा इतिहास न हवामान वाचता वाचता झोप लागेल. सरळ ट्रॅफिक डिमांडच्या चॅप्टरवर जा. तिथं तुमच्या वहीतल्यासारखे तक्ते सापडतात, झोनवार लोकसंख्या, कोण्या तुकड्यावर किती पीएचपीडीटी, कोण्या स्टेशनवर किती चढतील किती उतरतील. त्यानंतर ऑपरेशनचा चॅप्टर, त्यात किती मिनिटांनी गाडी आणि किती गाड्या, तुमचा हिशोब आणि त्यांचा हिशोब जुळते का पहा. मग खर्च. बाकीचं, म्हणजे सिग्नल, वीज (नागपूरला वरून २५ हजार व्होल्टची तार आहे), माती परीक्षण, हे नंतर वाचलं तरी चालते.

वाचताना मनात एक शंका ठेवायची, प्रवाशांचा अंदाज फुगवलेला तर नाही? देशातल्या बऱ्याच मेट्रोंमध्ये कागदावरचे प्रवासी आणि खरे प्रवासी यात मोठं अंतर निघालं, २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं पण आपल्या अहवालात याच्यावर बोट ठेवलं. फुगते कुठं तर बहुतेक तिसऱ्या पायरीवर. फीडर बस (माणसं स्टेशनपर्यंत आणून सोडणाऱ्या) असतीलच असं धरून चालतात न त्या बस येत नाहीत, लाइन पूर्ण होईल असं धरतात न ती तुकड्या-तुकड्यात सुरू होते. नागपूरचंच पहा, भूमिपूजन ऑगस्ट २०१४ ला, खापरी ते सीताबर्डी पहिला तुकडा मार्च २०१९ ला, लोकमान्य नगरकडचा जानेवारी २०२० ला, आणि ऑटोमोटिव्ह चौक न प्रजापती नगर हे तुकडे डिसेंबर २०२२ ला. मधात कोरोना. आठ वर्षांत माणसानं स्कूटी घेऊन टाकली असते, ती घरी ठेवून मेट्रोत या म्हणणं सोपं नाही.

पैशाचा भाग थोडा जास्त वेळ देऊन वाचा, कारण गावातल्या माणसाला व्याज-कर्ज कोणी शिकवायची गरज नसते. पहिल्या टप्प्याला ८,६८० कोटी मंजूर होते, लांबी ३८.२ किमी, म्हणजे किलोमीटरला २२७ कोटी. दुसरा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं मंजूर केला, ४३.८ किमी, ६,७०८ कोटी, म्हणजे किलोमीटरला १५३ कोटी. महागाई वाढली तरी आकडा कमी कसा झाला? उत्तर मी सांगत नाही, दोन्ही डीपीआर शेजारी ठेवून खर्चाचे तक्ते ओळ-ओळ लावून पहा, याच्यापेक्षा बरा गृहपाठ कोणी देणार नाही. नागपूरला जमिनीखालचं काम नाही हे लक्षात ठेवा, बोगदा आला की खर्च दुपटीच्या वर जाते, मुंबई-दिल्लीच्या आकड्यांशी सरळ तुलना म्हणून चुकते.

कंपनी महामेट्रो, त्यात केंद्र न राज्य अर्धे-अर्धे भागीदार. पहिल्या टप्प्यात बाकी मोठा हिस्सा कर्जाचा, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेचं. आणि थोडा पैसा आपल्याही खिशातून, नागपुरात प्लॉट घेतला असेल तर रजिस्ट्रीच्या वेळी मेट्रोचा १ टक्का अधिभार लागला असेल, ती ओळ आठवा.

याच्यासोबत २०१७ चं मेट्रो रेल धोरण वाचा, लहान आहे. त्यात काय आहे ते थोडक्यात, आधी प्रकल्पातून पैशाचा परतावा ८ टक्के पाहिजे असा नियम होता, त्या धोरणानं तो बदलून आर्थिक परतावा १४ टक्के केला. दोघात फरक मोठा आहे. पहिल्यात तिकीट आणि जागेच्या भाड्याचा नगद गल्ला मोजतात, दुसऱ्यात समाजाचा फायदा मोजतात, लोकांचा वाचलेला वेळ, वाचलेलं पेट्रोल, कमी झालेले अपघात. आता वाचलेल्या वेळाची किंमत ताशी किती रुपये धरायची याच्यावर १४ टक्क्यांचं गणित इकडं-तिकडं होते, म्हणून तो आकडा डीपीआरमध्ये कुठं लपला आहे ते शोधा. मजुराचा तास आणि साहेबाचा तास एकाच भावानं धरला का वेगळ्या, हे पण पहा, मला तर वाटते सगळ्यात राजकारण याच एका ओळीत आहे न कोणी बोलत नाही. धोरणात अजून दोन कामाच्या गोष्टी, मेट्रो मागायच्या आधी बस, ट्राम, बीआरटी (बससाठी राखीव लेन) असे बाकीचे पर्याय तपासलेच पाहिजेत, आणि स्टेशनच्या दोन्ही बाजूच्या ५ किमीपर्यंत फीडरची सोय राज्यानं करायची हमी द्यायची.

कागद झाला, आता नागपूर. वर्ध्या-यवतमाळकडून एसटीनं येत असाल तर थेट बस स्टँडपर्यंत जाऊ नका, खापरीला उतरा न तिथून मेट्रो धरा. खापरीकडं रूळ जमिनीवरून आहेत, पुढं खांबावर चढतात, खिडकीतून दिसते. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधात उड्डाणपूल, वर मेट्रो असा डबल डेकर पूल लागते, तेव्हा विचार करा की दोन वेगळ्या खात्यांनी वेगवेगळे खांब टाकले असते तर रस्त्याची किती जागा गेली असती. सीताबर्डीला उतरून ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनवर जा आणि घड्याळ लावा, गर्दीच्या वेळी बदलायला किती मिनिटं लागतात. माणसाला चालत्या गाडीतले दहा मिनिटं कमी वाटतात न बदलताना उभं राहायचे पाच मिनिटं जास्त वाटतात, प्लॅनर लोक म्हणून वाट पाहायच्या वेळाला जास्त वजन देतात. मग गड्डीगोदामला जा, तिथं रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल न मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत. शेवटी गणेशपेठच्या एसटी स्टँडवरून जवळच्या मेट्रो स्टेशनपर्यंत सामान घेऊन पायी चालून पहा, म्हातारी माय सोबत असेल तर कसं जमेल याचा विचार करत चाला. फीडर, फुटपाथ, लास्ट माइल (स्टेशन ते मुक्काम हा शेवटचा तुकडा) हे सगळे शब्द त्या चालण्यात आहेत. मधात तर्री पोहे खायला हरकत नाही.

इंग्रजीची भीती बऱ्याच जणांना असते. डीपीआर, धोरण सगळं इंग्रजीत आहे हे खरं. मोबाइलवर गूगल लेन्स धरलं की कामापुरतं मराठी होते, पण तक्त्यातले शब्द मूळ इंग्रजीतच लक्षात ठेवा, हेडवे म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर मिनिटांत, ड्वेल म्हणजे स्टेशनवर थांबायचा वेळ, अलाइनमेंट म्हणजे लाइन कुठून जाते, वायाडक्ट म्हणजे खांबावरचा मार्ग. तीस-चाळीस शब्द आहेत सगळे मिळून. चष्मा लागला असेल तर मोबाइलवर पीडीएफ वाचू नका, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून डिमांडचा चॅप्टर प्रिंट काढून आणा, पेन घेऊन वाचला की डोक्यात राहते.

कोर्स करायचा असेल तर स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंगचे कोर्स आहेत, ऐकायला फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तरच फी. पेरणीच्या न कापूस वेचणीच्या दिवसात कोर्स सुरू करू नका, हप्त्याचे असाइनमेंट मागं पडतात आणि मग मूड जाते. नोकरीच्या आशेनं करत असाल तर सरळ सांगतो, प्लॅनरच्या पोस्टला डिग्री लागते, नागपूरच्या व्हीएनआयटीत या विषयाचं एमटेक आहे पण त्याच्यासाठी बीई आणि गेट ही परीक्षा लागते. पंचेचाळिशीत आपल्याला ते जमणार नाही, न जमो, वाचायला कोणी अडवत नाही.

लॅपटॉप घरी असेल (पोराचा का होईना) तर क्यूजीआयएस टाका, नकाशाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते उतरवा, स्टेशनभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा, त्यात किती घरं येतात पहा. पहिले दोन-तीन वेळा काही समजणार नाही, पोराला विचारा, पोरगा वैतागला तर भाचीला विचारा. टाइमटेबलचा डेटा जीटीएफएस नावाच्या साच्यात असते, साध्या टेक्स्ट फाइली, एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत वेळा. कोची मेट्रोनं २०१८ मध्ये आपला असा डेटा खुला केला, दिल्लीच्या बसचाही मिळते. आपल्या तालुक्याच्या एसटीचं टाइमटेबल त्या साच्यात भरून पहा, स्टँडच्या भिंतीवरचा बोर्ड पाहून भरा, हे एक काम पूर्ण केलं तर तुम्ही नुसते वाचणारे राहिले नाही.

इतिहास पण थोडा पहा, आणि तो लंडनपासून सुरू करायची गरज नाही. आपल्या बाजूला यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला नावाची रेल्वे होती, ११३ किमी, ७६२ मिलिमीटरचे अरुंद रूळ. ती कापूस गिरण्यांपर्यंत न बंदरापर्यंत न्यायला टाकली होती, माणसांसाठी नाही, म्हणून स्टेशनं, वेग, वेळा सगळं कापसाच्या सोयीचं. कापूस ट्रकनं जायला लागला, माणसं एसटीत न जीपमध्ये गेली, आणि लाइन एकटी पडली. कोणताही नवा प्रकल्प आला की पहिले विचारा, ही लाइन कोणाच्या प्रवासासाठी आहे?

हाच प्रश्न आता नागपूर-वर्धा ब्रॉडगेज मेट्रोला लावा. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा या बाजूंना रेल्वेच्याच १,६७६ मिलिमीटरच्या रुळांवरून जलद एसी गाड्या चालवायचा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. ऐकायला लय भारी, वर्ध्याहून नोकरीला जाऊन घरी जेवायला परत. पण नकाशा काढा, नागपूर ते सेवाग्राम या तुकड्यावर मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई दोन्ही मार्ग एकत्र येतात, वरून कोळशाच्या मालगाड्या. तिथं दर पंधरा मिनिटांनी लोकल बसवायची तर जागा कुठून आणायची, तिसरी-चौथी लाइन किती झाली, सिंदी न बोरखेडीला थांबा द्यायचा का नाही, थांबा दिला की तोच ९७ सेकंदांचा हिशोब परत येते. आणि वर्धा-नांदेड लाइनचा वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, तर देवळी-कळंबच्या माणसाला वर्ध्याला गाडी बदलावी लागेल का, बदलावी लागली तर किती वेळ थांबेल, हे विचारणारा माणूस सुनावणीत एखादा तरी पाहिजे.

विचारायचं कसं तर साधं आहे. प्रकल्पाचा कागद वेबसाइटवर सापडला नाही तर माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसात उत्तर द्यावं लागते. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करत असाल तर एका अर्जात एकच विषय न १५० शब्दांच्या आत, नाहीतर परत पाठवतात. "प्रकल्पाची सगळी माहिती द्या" असं लिहू नका, "अमुक स्टेशनचा सकाळच्या गर्दीच्या तासातला चढ-उतार अंदाज दाखवणारा तक्ता" असं नेमकं लिहा, नेमकं मागितलं की टाळणं कठीण जाते. आणि सूचना-हरकती मागवल्या की तुमच्या वहीतले आकडे जोडा, तारीख, वार, वेळ, स्टँडचं नाव घालून, खाली सोबत बसून मोजणाऱ्यांच्या सह्या घ्या. बाजाराच्या दिवसाचे आकडे वेगळ्या पानावर ठेवा, एकत्र केले तर साहेब म्हणतात तुम्ही गर्दीचाच दिवस निवडला.